‘टाइम किती आहे, सर?’

बदामीचं पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय शुक्रवारी बंद असतं हे मला कळलं, तेव्हा मी त्याच्या फाटकाला हात लावून उभा होतो आणि वार शुक्रवार होता.

सांगायला लाज वाटते, कारण या सहलीचा तक्ता मी तीन महिने खपून केला होता. सात दिवस, सात माणसं, एक गाडी. सकाळच्या चौकटी पिवळ्या, दुपारच्या केशरी, प्रवासाच्या करड्या. त्यातल्या एका केशरी चौकटीत ‘संग्रहालय, दु. ३.३० ते ४.३०’ असं ठळक लिहिलेलं होतं. ऑफिसात असा तक्ता केला असता तर बढती मिळाली असती.

सुरुवात भाऊबीजेला झाली. ताई आणि दाजी आले होते. श्रीखंडाची दुसरी वाटी संपवून दाजी म्हणाले, “दर वर्षी काय ते महाबळेश्वर? स्ट्रॉबेरी आता मंडईतही मिळते.” मी त्या दिवसांत चालुक्यांवर वाचत होतो, आणि वाचलेलं पचेपर्यंत थांबायची मला सवय नाही. मी तिथल्या तिथे बदामी, पट्टदकल, ऐहोळे, लक्कुंडी, हंपी, बेलूर, हळेबीड आणि सोमनाथपूर एवढी नावं एका दमात घेतली. कुणीच विरोध केला नाही. मला वाटलं, रुकार मिळाला. खरं तर सगळे सुस्तावले होते.

आई तेवढी सावध होती. “बदामी म्हणजे बनशंकरी. आपली कुलदेवी. किती वर्षांत ओटी भरली नाही.”

आता तारीख. पावसाळा संपला होता. एप्रिल-मे म्हणजे त्या तांबड्या खडकांवर पापड भाजायचे दिवस. नाताळात हंपीला उभं राहायला जागा नसते. पौष पौर्णिमेला बनशंकरीची जत्रा, म्हणजे बदामीत खोली मिळायची नाही. मार्च म्हणजे माझ्या बँकेचं वर्षअखेर. तेव्हा रजा मागणं म्हणजे लग्नाच्या पंगतीत वाढप्याने जेवायला बसणं. उरला फेब्रुवारी. त्यातही मी बुधवारी निघून गुरुवारी बदामी असं छान बसवलं होतं, तर आई म्हणाली, “देवीची ओटी शुक्रवारी भरतात. गुरुवार दत्ताचा.” सगळा तक्ता एक घर पुढे सरकला. बुधवारच्या जागी गुरुवार, गुरुवारच्या जागी शुक्रवार. सरकवताना संग्रहालयाची चौकटही शुक्रवारात जाऊन बसली, आणि ती तिथे काय करतेय हे मी तिला विचारलं नाही.

मग देवळांची कत्तल सुरू झाली. पहिलं सोमनाथपूर पडलं. हंपीहून बेलूर तीनशे किलोमीटरच्या वर आहे हे नकाशाने दाखवल्यावर बेलूर आणि हळेबीड दोन्ही एका झटक्यात गेली. “देवळं सगळी सारखीच असतात रे,” दाजींनी समजूत घातली. बायकोने साधा प्रश्न विचारला, “एकूण देवळं किती?” इथे मी गप्प बसायला हवं होतं. मी म्हणालो, “एकट्या ऐहोळ्यातच शंभरच्या वर आहेत.” त्यानंतर दोन दिवस सहलीच्या ग्रुपवर कुणी काही लिहिलं नाही. तिसऱ्या दिवशी ताईने विचारलं, “प्रत्येक ठिकाणी चपला काढायच्या का?”

प्रश्न वरवर फुटकळ वाटला तरी आमच्याकडे त्यावर आठवडा गेला. जिथे पूजा होत नाही तिथे पुरातत्त्व खातं काही म्हणत नाही, पण आई म्हणते. मूर्ती असो नसो, गाभारा तो गाभारा. दाजींनी त्याच सुमारास लेसवाले, घोट्यापर्यंत येणारे, डोंगर चढायचे बूट घेतले होते. शंभर देवळं, दोन बूट, दोनदा सोडबांध, असा गुणाकार त्यांनी स्वतःच मोठ्याने केला.

पण खरी परीक्षा गाइड ठरवण्याची. स्थानिकच गाइड घ्यायचा हा माझा हट्ट होता. पुस्तकात शके असतात. कुठल्या खांबावर किती वाजता ऊन येतं हे तिथल्या माणसालाच ठाऊक. बदामीच्या गाइडचा नंबर बँकेतल्या एका सहकाऱ्याने दिला. तिकडून स्वच्छ सीमाभागातलं मराठी आलं. “काळजी करू नका की सर, आमची आत्या सोलापूरला असते बघा. तुमच्याकडं टाइम किती आहे?”

“लेण्यांना दोन तास.”

पलीकडे शांतता. मला वाटलं, रेंज गेली.

“दोन तासात लेणी बघायची का फोटो काढायचे, सर?”

“दोन्ही.”

“मग एक लेणं होतं.”

हंपीच्या गाइडने हाच प्रश्न दरपत्रकासारखा विचारला. अर्धा दिवस, पूर्ण दिवस, दोन दिवस. आणि अर्ध्या दिवसाचा उच्चार त्याने साडीच्या दुकानात ‘त्यात हलकं पण आहे’ म्हणतात तसा केला. मी दीड दिवस म्हणालो. “मग सासिवेकालु गणपती, कडलेकालु गणपती पाच मिनिटांत करू,” तो म्हणाला. सासिवे म्हणजे मोहरी, कडले म्हणजे हरभरा. हा मोहरीवाला गणपती एकाच दगडातला, आठेक फूट उंच. हरभऱ्याचा पंधरा फूट. जिथे आठ फुटांना मोहरी म्हणतात, तिथलं ‘पाच मिनिटं’ म्हणजे किती, याचा मी तेव्हाच अंदाज बांधायला हवा होता.

बेलूरच्या गाइडला ‘येत नाही’ हे सांगणं मात्र जड गेलं. तो रागावला नाही, रागावला असता तर बरं. “विष्णुवर्धन राजानं १११७ मध्ये सुरू केलं, सर. तीन-तीन पिढ्या दगड कोरत बसल्या. तुम्हाला एक दिवस निघत नाही?” असं म्हणून त्याने फोन ठेवला. तेव्हापासून दर रविवारी सकाळी त्याच्याकडून आरशात बघणाऱ्या दर्पणसुंदरीचा फोटो येतो, खाली ‘गुड मॉर्निंग’. मी निळ्या बरोबरच्या खुणा बंद करून ठेवल्यात.

निघायच्या आदल्या दिवशी स्वयंपाकघरात वेगळंच प्रकरण. भिंतीवरच्या कॅलेंडरातलं फेब्रुवारीचं पान कुणीतरी फाडलेलं. “दुधाचे खाडे कुठे लिहू आता?” बायको विचारत होती. संशय माझ्यावर, कारण तक्ते करणारा माणूस घरात मी एकटाच. आई शांतपणे ओटीचे तांदूळ निवडत होती.

शुक्रवारी बनशंकरीला ओटी भरली आणि तिथेच पिवळी चौकट संपली. देवळाबाहेर बायका डोक्यावर बुट्ट्या घेऊन येतात. त्यातून ज्वारीची कागदासारखी कडक रोट्टी, शेंगांची चटणी, भरल्या वांग्याची एणगाई आणि गाडग्यातलं घट्ट दही निघतं. आई मराठीत भाव करत होती, ती बाई कन्नडमध्ये नाही म्हणत होती, आणि दोघींना एकमेकींचं अक्षर न् अक्षर कळत होतं. “साकु, साकु,” असं दाजी तिसऱ्या रोट्टीनंतर म्हणाले. हा एक शब्द ते गाडीत शिकले होते. चौथी तरीही आली. बदामीचं जुनं नाव वातापी. अगस्तींनी वातापी राक्षसाला पोटात जिरवला तो इथला, असं स्थानिक लोक सांगतात. लहानपणी जेवणानंतर आई आमच्या पोटावरून हात फिरवत ‘वातापि जीर्णो भव’ म्हणायची. आता दाजी स्वतःच्याच पोटावर हात ठेवून तेच पुटपुटत होते. ओटीतली केळी तोवर माकडांनी नेली होती.

लेण्यांपाशी पोचलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. गाइडने आधी घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तक्त्यात पहिल्या लेण्याला वीस मिनिटं होती. तिथे दाराशीच अठरा हातांचा नटराज आहे. गाइड म्हणाला, “ह्या बाजूला नऊ हात, त्या बाजूला नऊ. इकडचा एक, तिकडचा एक, अशी जोडी लावली की एकेक मुद्रा. नऊ नवे एक्क्याऐंशी.” एवढं म्हणून त्याने पुढे जायला हवं होतं, आणि तो निघालाही होता. पण ‘देवळं सगळी सारखीच’वाले दाजी तिथेच थांबले. त्यांनी एक डोळा मिटला, हाताचा पंजा पुढे धरून नटराजाचे सोळा हात झाकायचा प्रयत्न केला आणि उरलेल्या दोन हातांसारखे आपले हात वाकवले. “एक,” ते म्हणाले. भाचा मोबाइलवर नोंद ठेवू लागला. चौदाव्या मुद्रेला दाजींच्या खांद्यात लचक भरली, आणि मी तक्त्याची घडी घालून खिशात ठेवली.

गाइडच्या बोलण्यात मध्येमध्ये भर घालण्याची खोडही मला इथेच नडली. तिसऱ्या लेण्यात तो काही बोलणार एवढ्यात मी म्हणालो, “मंगलेशाचा लेख. शके ५००. म्हणजे इसवी सन ५७८.” असं चौथ्यांदा झाल्यावर तो पायरीवर बसला, बाटलीतलं पाणी प्यायला आणि नम्रपणे म्हणाला, “पुढचं तुम्ही सांगा, सर. मी ऐकतो.” पुढचं मला येत नव्हतं. बायकोने त्याला चिक्की देऊन पुन्हा बोलतं केलं.

संग्रहालयाचं फाटक त्यानंतरचं. “शुक्रवारी बंद असतंय की,” तो म्हणाला. “आधी का नाही सांगितलं?” “तुम्हाला सगळं ठाऊक असतंय, सर.”

शनिवारी पट्टदकल. तिथे दोन सख्ख्या बहिणींनी, एकाच राजाच्या राण्यांनी, त्याने कांचीवर मिळवलेल्या विजयासाठी शेजारी-शेजारी दोन देवळं बांधली आहेत. लोकमहादेवीचं विरूपाक्ष थोडं मोठं, त्रैलोक्यमहादेवीचं मल्लिकार्जुन थोडं लहान. ताई आणि बायको दोघी त्या दोन देवळांच्या मधे बराच वेळ उभ्या राहून हळू आवाजात काहीतरी बोलत होत्या. मी जवळ गेलो तर गप्प झाल्या.

ऐहोळ्याला आईने ओटीचं दुसरं सामान काढलं, कारण देवळाचं नाव दुर्गा. गाइड अवघडून म्हणाला, “आजी, हे दुर्गादेवीचं नाही. दुर्ग म्हणजे किल्ला, त्याच्यावरून नाव.” आई नारळ हातात धरून त्या अर्धगोल पाठीच्या सुंदर देवळाकडे, आपल्याला कुणी फसवल्यासारखी बघत राहिली. पुढचं देऊळ लाडखानाचं. देवळाला खानाचं नाव कसं? तर कधीकाळी त्या नावाचा माणूस त्यात राहत होता. दाजी एकदम खुलले. “म्हणजे भाडेकरू राहिला आणि वास्तू त्याच्या नावाने ओळखू लागले! आमच्या सदाशिवातल्या वाड्याचं हेच झालं.” त्यांनी बुटाच्या लेसा सोडल्या त्या दिवसात शेवटच्या, पुढे ते मोज्यांवरच फिरले.

मला हवा होता तो मेगुटीच्या टेकडीवरचा ६३४ सालचा शिलालेख. रविकीर्ती या कवीने त्यात चालुक्य राजा पुलकेशीची थोरवी गायली आहे. नव्व्याण्णव हजार गावांच्या तीन महाराष्ट्रकांचा तो धनी झाला, असं म्हटलं आहे. म्हणजे हे घरचंच कागदपत्र. बाकीचे खाली उसाचा रस प्यायला थांबले. मी आणि गाइड धापा टाकत वर गेलो. भिंतीवर ओळीच ओळी, मला एक अक्षर लागेना. पुलकेशीने सम्राट हर्षवर्धनाला हरवल्याची, आधी मीच सांगितलेली गोष्ट गाइडने मला परत दिली. “इथं कवी म्हणतोय, भीतीनं हर्षाचा हर्ष गळाला.” हे म्हणताना त्याने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. बाकीचे गाडीत बसून हॉर्न वाजवायला लागले होते. आम्ही दोघं तरीही ऊन उतरेपर्यंत तिथेच राहिलो.

हंपीत सोमवारी विठ्ठल मंदिरात गेलो. पन्नासच्या नोटेवरचा दगडी रथ पाहिला, नोटेशी ताडून पाहिला. वाजणारे खांब आता वाजवू देत नाहीत. गाइडने मोबाइलवर आवाज ऐकवला. गाभारा रिकामा. आईने आत डोकावून विचारलं, “देव कुठाय?”

“विठोबाला एवढं वैभव मानवलं नाही, आजी,” गाइड म्हणाला. “परत गेला तो, पंढरपूरला.”

“आपला आपण गेला नाही,” आई म्हणाली. “भानुदासांनी नेला. एकनाथांचे पणजोबा.” गाइडने तो बदल मान लववून मान्य केला. माझ्या एकाही बदलाला त्याने असा मान दिला नव्हता. “मग तो नसताना आपण इथे काय करतोय?” आईने मला विचारलं.

मंगळवारी परतताना विजापूर सोडल्यावर आई ड्रायव्हरला म्हणाली, “दादा, मंगळवेढ्यावरून घ्या, जवळ पडतं.” कशाला जवळ, हे मी विचारलं नाही. पंढरपूरच्या अलीकडे रस्त्यात दिंड्या लागायला लागल्या, मग पताका, मग पोलिसांनी गाडी बाहेरच थांबवली. माघी एकादशी होती. दर्शनाच्या रांगेत आमच्या पुढे किती माणसं होती ते दिसत नव्हतं, कारण रांग वळून दिसेनाशी होत होती. “टाइम किती लागेल?” दाजींनी पुढच्या वारकऱ्याला विचारलं. तो हसला फक्त.

दोन तासांनी आईने गोळ्या शोधायला पिशवी उघडली, तेव्हा चार घड्यांचा एक कागद खाली पडला. फेब्रुवारीचं पान. पेनाने दोन तारखांना गोल केले होते. एक गेला शुक्रवार, एक आजचा मंगळवार.

मी काही बोलणार तेवढ्यात बायकोने पान माझ्या हातातून ओढून घेतलं. “सापडलं एकदाचं! पेन आहे का कुणाकडे? गुरुवारपासूनचे दुधाचे खाडे लिहून टाकते.”