अॅल्युमिनियमच्या होडीला कॉस्टिक सोडा लावू नका

उन्हाळ्यात तापीवरील हतनूर धरणाचे पाणी उतरते, होड्या काठावर येतात आणि मोबाइलवर एक सल्ला फिरू लागतो: अॅल्युमिनियमच्या होडीवर कॉस्टिक सोड्याचे कडक पाणी ओता, फेस आला की रंग सुटला असे समजा, राहिलेला रंग वायर ब्रशने घासा किंवा ब्लो-लॅम्पने जाळा आणि वर लोखंडाला लावतात तोच लाल प्रायमर मारा. यातील एकही गोष्ट करण्याजोगी नाही.

मुख्य चूक सोड्याची आहे. लाकडावरचा किंवा लोखंडावरचा जुना रंग सोड्याने निघतो, हे खरे. पण अॅल्युमिनियमचे संरक्षण करणारा ऑक्साइडचा अतिपातळ थरच सोडा विरघळवतो आणि मग थेट धातूला भिडतो. ज्या फेसाला रंग सुटल्याची खूण मानले जाते, तो हायड्रोजन वायू आहे, म्हणजे तिथे पत्राच झिजत असतो. पाणी आपोआप तापते, पत्र्यावर काळपट साका उरतो, आणि रिबिटांच्या फटीत शिरलेला सोडा वरवर धुऊन निघत नाही. दोन-तीन मिलिमीटरच्या पत्र्याला हे परवडणारे नाही. शिवाय हायड्रोजन पेट घेतो, त्यामुळे शेजारी ब्लो-लॅम्प चालवणे निव्वळ धोक्याचे आहे.

लोखंडी वायर ब्रशचे कण मऊ अॅल्युमिनियममध्ये रुततात आणि ओल लागली की तिथूनच गंज धरतो. ज्योतीचे म्हणाल, तर अॅल्युमिनियम लोखंडासारखे लाल होऊन इशारा देत नाही. सुमारे ६६० अंशांना ते वितळते, पण त्याच्या बऱ्याच आधी पत्र्याची ताकद गेलेली असते. शिवाय जुन्या रंगात शिसे असू शकते. घरगुती रंगांतील शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा आपल्याकडे २०१७ मध्ये लागू झाली, त्याआधीचा रंग जाळून त्याचा धूर श्वासात घेणे किंवा तो कोरडा घासून धूळ उडवणे, विशेषतः घरात लहान मुले असतील तर, अक्षम्य आहे.

लाल प्रायमर लोखंडासाठी असतो, अॅल्युमिनियमवर तो नीट धरत नाही. त्यात शिसे असेल तर ओलाव्यात तो उलट पत्र्यालाच खातो.

मग करावे काय? अॅल्युमिनियमला चालतो असे डब्यावर लिहिलेला पेंट रिमूव्हर घ्यावा, हातमोजे व चष्मा घालून तो मोकळ्या हवेत जाड लावावा आणि वर प्लास्टिकचा कागद अंथरावा. खान्देशातील मे महिन्याच्या उन्हात तापलेल्या पत्र्यावर रिमूव्हर काम करण्याआधीच वाळतो, म्हणून हे काम सावलीत, पहाटे करणे बरे. फुगलेला रंग प्लास्टिकच्या पट्टीने ओढावा. जो रंग घट्ट बसला आहे, तो काढण्याचा हट्ट धरू नये. पाणी लावून पॉलिश पेपरने त्याच्या कडा तेवढ्या उतरत्या कराव्यात. खाली ताडपत्री असावी, कारण ही खरवड तापीत जाता कामा नये. पत्रा धुऊन कोरडा झाला की त्याच दिवशी अॅल्युमिनियमचा एच (etch) प्रायमर, म्हणजे पत्र्याला किंचित कोरून धरणारा पहिला हात, द्यावा. रात्र मध्ये गेली तर पुन्हा हलका पेपर मारूनच द्यावा.