चौथी पिढी पहिलीच्या आधी जन्मली

अणुऊर्जेचा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणतं, "त्या जुन्या अणुभट्ट्या झाल्या, आता चौथ्या पिढीच्या येतायत." जणू मोबाइलच बदलायचाय! या 'पिढी' शब्दाने जितका घोळ घातलाय तितका विरोधकांनीही घातला नसेल.

२० डिसेंबर १९५१ला अमेरिकेत आयडाहोमध्ये एका प्रायोगिक भट्टीच्या विजेवर चार दिवे लागले. त्या भट्टीत थंड करायला पाणी नव्हतंच. सोडियम-पोटॅशियमचा द्रवरूप मिश्रधातू आणि अणू फोडणारे वेगवान न्यूट्रॉन. म्हणजे आज 'चौथी पिढी' म्हणून मिरवतात तोच घाट! वितळलेल्या क्षारांची भट्टीही अमेरिकेतच ओक रिजला १९६५ ते १९६९ चालून गेली. पिढ्यांची ही लेबलं मात्र २०००च्या आसपास चिकटवली गेली.

मग पाण्याने थंड होणाऱ्या भट्ट्या का जिंकल्या? पाणबुडीमुळे. अमेरिकी नौदलाच्या रिकओव्हर यांना नॉटिलस या अणुपाणबुडीसाठी आटोपशीर भट्टी हवी होती, तिचाच वारसा १९५७च्या शिपिंगपोर्ट वीजकेंद्रात आला. सोडियम हवेत पेट घेतो, पाण्याशी तर त्याचं अजिबात जमत नाही; समुद्रात तो नेणं जोखमीचंच.

दुसऱ्या पिढीची गंमत बघा. चेर्नोबिलची भट्टी आणि दाबाखालच्या पाण्याची नेहमीची भट्टी, दोन्ही याच खणात. नेहमीच्या भट्टीत पाणीच न्यूट्रॉनचा वेग कमी करतं आणि मंद न्यूट्रॉनच अणू सहज फोडतात, त्यामुळे पाणी गेलं की अणू फुटण्याची साखळी प्रक्रिया मंदावते. चेर्नोबिलमध्ये ते काम ग्राफाइटकडे होतं आणि पाणी उलट न्यूट्रॉन शोषत होतं; पाण्याची वाफ झाली की प्रक्रिया भडकायची. स्वभाव इतके विरुद्ध, आणि पिढी एकच!

खरी प्रगती झाली ती भट्टी बंद केल्यानंतरच्या उष्णतेच्या बाबतीत. भट्टी थांबवल्या क्षणीही पूर्ण क्षमतेच्या सुमारे सहा-सात टक्के उष्णता निघतच असते. फुकुशिमात २०११ साली भूकंप होताच साखळी थांबली होती. त्सुनामीने डिझेल जनरेटर बुडवले आणि ही उरलेली उष्णता काढायला कुणी उरलं नाही. एपी-१००० या नव्या अमेरिकी भट्टीत म्हणूनच पाण्याची टाकी वर ठेवलीय. वीज नसो, माणूस नसो, ७२ तास गुरुत्वाकर्षण सांभाळतं. याला मी सुधारणा म्हणतो, मग आकडा तीन लावा नाहीतर साडेतीन.

आणि २०२३च्या डिसेंबरात चीनच्या शिदाओ बे इथली वायूने थंड होणारी भट्टी व्यावसायिकरीत्या सुरू झाली, तेव्हा 'जगातली पहिली चौथ्या पिढीची' म्हणून बातम्या झळकल्या. तिच्यासारखंच गोळ्यांचं इंधन वापरणारी भट्टी जर्मनीत युलिशला १९६७ पासून २१ वर्षं वीज देऊन १९८८ला बंदही झाली होती.