दगड की कॅरिबू?

कॅनडाच्या उत्तरेत, यलोनाईफमध्ये, मी विमानातून काढलेल्या फोटोंमधले कॅरिबू मोजते. साताऱ्यात आईने अख्ख्या आळीला सांगून ठेवलंय, "आमची धाकटी फोटोतली हरणं मोजते." त्यावर लोक हमखास विचारतात, "आणि याचा पगार देतात?"

कॅरिबू म्हणजे सांताक्लॉजची गाडी ओढणाऱ्या रेनडिअरचेच रानटी भाऊबंद. आम्ही मोजतो त्या बाथर्स्ट कळपाच्या माद्या जूनच्या सुरुवातीला बाथर्स्ट इनलेट या समुद्राच्या खाडीच्या बाजूला वितात. तेव्हा वरून फोटो काढतात आणि माझ्या डोळ्यांचे हाल सुरू होतात. बर्फ अर्धवट वितळलेला, त्यामुळे सगळीकडे पांढरं-तपकिरी ठिपकेदार. एक ठिपका मोठा करून बघावा, तर दगड. पुढचा, तोही दगड. एका ठिपक्यावरून तर शेजारच्या टेबलाशी चहा निवेपर्यंत भांडण झालं. तो म्हणे दगड, मी म्हणे बसलेली मादी. दगडच असेल, तर रवंथ मात्र झकास करत होता.

नर तिथे फारसे फिरकतच नाहीत. बाळंतपणात पुरुषांनी लांब राहायचं, ही रीत इकडेही आहे! त्यांचा आकडा मग नर-मादीच्या प्रमाणावरून काढायचा. वर कळप ओळखायचा तो माद्या कुठे वितात त्यावरून. मागे आमच्या काही कॉलरवाल्या (गळ्यात माग काढणारा पट्टा बांधलेल्या) माद्या ऐन वेळी शेजारच्या बेव्हर्ली कळपाच्या जागेवर गेल्या. आता यांना कुठल्या खात्यात धरायचं? यावर झालेल्या बैठकांपुढे आमच्या सोसायटीची वार्षिक सभा म्हणजे मौनव्रत.

शिकारबंदीही मजेशीर आहे. कळपाभोवती नकाशावर पट्टा आखतात आणि कळप सरकला की पट्टाही सरकतो. म्हणजे माद्यांच्या मनात आलं, की सरकारी सीमा बदलते.

१९८६ मध्ये या कळपाचा अंदाज सुमारे ४,७०,००० होता. २०२१ मध्ये सुमारे ६,२४०. लांडगे, शिकार, खाणींचे रस्ते, बदललेलं हवामान, ज्याला विचारावं तो वेगळ्या क्रमाने हीच नावं घेतो. एरवी टेबलावरचा ढीग कमी झाला की साहेब खूश होतो. आमच्याकडे त्याचा चेहरा पडतो.

आईला आकडे सांगितले. ती जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "एवढेच उरलेत, तर लवकर उरकेल की गं. दिवाळीला ये."


मी तिकिटं बघत्ये.