थंड पाण्याने पाचक एन्झाइम मरत नाहीत

‘जेवताना थंड पाणी पिऊ नका, एन्झाइम मरतात, आम्ल पातळ होऊन अन्न कुजतं. कोमट लिंबूपाणी घ्या, एन्झाइम जागे होतात.’ व्हॉट्सॲपवर वर्षानुवर्षं फिरणाऱ्या या मजकुरातला एकही दावा टिकत नाही.

‘एन्झाइम मरतात.’ गारव्याने ते फक्त मंदावतात. एन्झाइम म्हणजे ठरावीक घडी पडलेलं प्रथिन. ती घडी उकळत्या पाण्यात मोडते, फ्रिजच्या पाण्याने नाही. पोटात 37 अंशांचं 600 ग्रॅम अन्न आहे आणि वरून 5 अंशांचं 200 मिली पाणी गेलं, तर मिश्रण 29 अंशांवर येईल. ते पुन्हा 37 वर न्यायला साधारण साडेसहा किलोकॅलरी पुरतात.

पडताळायला सोपं आहे. भाताची पातळ पेज पूर्ण गार करा, नाहीतर तीच लाळेतलं अमायलेज, म्हणजे स्टार्च (पिष्ट) पचवणारं एन्झाइम, मारेल. तीन वाट्यांत दोन-दोन चमचे घ्या. पहिलीत साधी लाळ घाला, दुसरी आधी बर्फात थंड करून मग तेवढीच लाळ, तिसरीत उकळून गार केलेली. पंधरा मिनिटांनी प्रत्येकीतले थेंब बशीत काढून त्यांवर पातळ आयोडीन टाका, स्टार्च असेल तर ते निळं होतं. पहिलीचा निळा रंग गेलेला असतो, बाकी दोन्ही निळ्या. आता बर्फातली वाटी कोमट पाण्यात ठेवा: काही वेळाने तिचाही निळेपणा जातो. उकळलेलीचा जात नाही. लाळ जास्त झाली तर मात्र बर्फातही स्टार्च संपतो, थोडीच घ्या.

‘आम्ल पातळ होतं.’ पीएच हे आम्लतेचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल तीव्र. ते लॉगरिदमिक असतं, म्हणजे 1 चा फरक हा दहापटीचा. जठररसात तेवढंच पाणी मिसळलं तरी पीएच जेमतेम 0.3 ने चढतो, 1.7 चा 2.0 होतो. जठरातलं प्रथिनं पचवणारं एन्झाइम पेप्सिन नेमकं 2 च्या आसपासच उत्तम चालतं. खरं तर वरण-भातच पीएच 4-5 पर्यंत चढवतो, आणि जठर आणखी आम्ल सोडून तो खाली आणतं.

‘लिंबूपाणी जागं करतं.’ उलट, अमायलेजला पीएच 6.7 ते 7 लागतो. आम्लात ते बंद पडतं. हे वरच्या प्रयोगात बघायचं तर लिंबू नको, व्हिनेगर घ्या. लिंबातलं क जीवनसत्त्व आयोडीनचाच रंग घालवतं, आणि स्टार्च पचल्याचा भास होतो.