सिएनाचा पालिओ पर्यटकांसाठी भरवतात? नाही.

जून लागला की प्रवासाच्या ग्रुपांवर एक मजकूर फिरायला लागतो. यंदा तो मला चार ठिकाणांहून आला. त्याचा सारांश असा: इटलीतल्या सिएना या तटबंदीच्या शहरातली पालिओ नावाची घोड्यांची शर्यत म्हणजे पर्यटकांसाठी रचलेला उन्हाळी वीकेंडचा खेळ आहे, तिची मध्ययुगीन परंपरा विसाव्या शतकात शिवलेली आहे, तिकीट शेकडो युरोंचं, जिंकणाऱ्याला गडगंज बक्षीस, दरवर्षी घोडे मरतात, शर्यत झाली की घोडा टाकून देतात, आणि एवढं करून बघायला मिळते सव्वा मिनिटाची धावपळ.

मी एक उन्हाळा त्या शहरात भाषा शिकायला राहिले आहे. त्यामुळे हा मजकूर वाचून गप्प बसवत नाही. एकेक मुद्दा घेते. जिथे त्यात तथ्य आहे तिथे तसंही सांगते.

आधी परंपरेचं. शर्यतीआधीच्या मिरवणुकीतले पंधराव्या शतकाच्या धर्तीचे पोशाख विसाव्या शतकात अनेकदा नव्याने शिवले गेले, हे खरं. पण कपडे नवे म्हणून शर्यत नवी ठरत नाही. मध्ययुगात घोडे शहरातल्या रस्त्यांवरून धावत कॅथेड्रलपाशी पोचायचे. पियात्सा देल कांपो या मुख्य चौकाभोवती तीन फेऱ्या मारायची आजची पद्धत सतराव्या शतकातली. जुलैची शर्यत 1656 पासून नियमित झाली, ऑगस्टची 1701 मध्ये तिला जोडली गेली. शहरातल्या सतरा कोंत्रादांच्या, म्हणजे आपल्या भाषेत पेठांच्या, हद्दी 1729 मध्ये तिथली राज्यकर्ती व्हिओलांते बेआत्रिचे हिने फर्मान काढून आखून दिल्या. त्याच हद्दी आजही चालतात. गल्लीच्या कोपऱ्यावर भिंतीत बसवलेली छोटीशी पाटी दिसते, तिच्यावर गोगलगाय. चार पावलं पुढे गेलात की पाटीवर कासव. तुम्ही एका पेठेतून दुसरीत आलात. या दोन पेठांचं हाडवैर आहे, भिंत मात्र एकच.

मजकूर लिहिणाऱ्याचा घोटाळा कुठे झाला असावा, तेही मला कळतं. इटलीत उन्हाळाभर गावोगावी जुन्या वेशातले उत्सव होतात, आणि त्यातले बरेचसे खरोखर अलीकडचे आहेत. आरेत्सोची पुतळ्यावर भाला रोखून धावणाऱ्या घोडेस्वारांची स्पर्धा 1931 मध्ये पुन्हा सुरू झाली. मारोस्तिका या तटबंदीच्या गावात जिवंत माणसांना सोंगट्या करून बुद्धिबळ खेळतात. तो खेळ पहिल्यांदा 1923 मध्ये झाला, आणि 1454 मधल्या दोन सरदारांची जी गोष्ट त्यासोबत सांगतात ती 1950च्या दशकात मिर्को वुचेतिच यांनी रचली. त्या गावांनी हौसेने काही उभं केलं, त्यात मला काही वावगं वाटत नाही. पण त्यांचं वर्णन उचलून सिएनाला चिकटवणं चूक आहे. सिएनात महायुद्धांची वर्षं वगळली तर शर्यत चालत आली. 2020 आणि 2021 मध्ये साथीमुळे ती झाली नाही. रिकाम्या चौकात फक्त कॅमेऱ्यांसाठी घोडे पळवले नाहीत. पर्यटकांना विकायचीच गोष्ट असती, तर जगभर दाखवायला तेव्हाच सगळ्यात सोपं होतं.

वीकेंडचा मुद्दा दोन ओळींत संपतो. तारखा ठरलेल्या आहेत, 2 जुलै आणि 16 ऑगस्ट, मग वार कोणताही येवो. 2025 मध्ये 2 जुलैला बुधवार होता. पाऊस पडून ट्रॅकवर पसरलेली पिवळी माती भिजली, तर नगरभवनाच्या खिडकीत हिरवा झेंडा लागतो आणि शर्यत पुढच्या दिवसावर जाते. 2024 ची जुलैची शर्यत अशीच लांबत 4 तारखेला झाली. परतीचं विमान कोणाचं कधी आहे हे तिथे कोणी विचारत नाही.

तिकिटाबद्दल मजकूर अर्धं सांगतो. कांपोच्या कडेचे लाकडी बाक आणि वरच्या खिडक्या-सज्जे महाग असतात, अगदी मान्य. पण शिंपल्यासारखा उतरता, विटांनी बांधलेला चौकाचा मधला सगळा भाग फुकट आहे. हजारो लोक तिथेच उभे राहतात. मीही उभी राहिले. दुपारपासून उन्हात तासन्‌तास उभं राहावं लागतं, एकदा रस्ते बंद झाले की बाहेर पडता येत नाही, स्वच्छतागृहाची सोय नाही. लहान मूल घेऊन जाऊ नका. पैशांची अडचण मात्र नाही.

बक्षिसाचं तर साफ उलटं आहे. जिंकणाऱ्या पेठेला एक पैसाही मिळत नाही. मिळतं ते रेशमाचं एक लांब उभं कापड, त्यावर रंगवलेली मेरीमाता. दर वेळी नवा चित्रकार ते रंगवतो. 1971 मध्ये रेनातो गुत्तुझो यांनी रंगवलं होतं, 2002 मध्ये कोलंबियाचे फेर्नांदो बोतेरो यांनी. सिएनाचे लोक या कापडाला प्रेमाने काय म्हणतात माहीत आहे? ‘चेंचो’. म्हणजे चिंधी. त्या चिंधीसाठी पेठ वर्षभर वर्गणी काढते. घोडेस्वार पेठेतला नसतो, बाहेरून पैसे देऊन आणलेला असतो, बरेचदा सार्डिनिया बेटावरचा. जिंकलं की त्याला ठरलेली मोठी रक्कम द्यायची. शिवाय दुसऱ्या पेठांशी गुपचूप ठरवलेले सौदे असतात, आणि ते या शर्यतीत चालतात. तेही जिंकणाऱ्यानेच फेडायचे. म्हणजे जिंकण्याचा खर्चच फार. आणि तरी जिंकल्यावर लोक ते कापड उंच धरून रडत, गात आधी देवळात धावतात, जुलैत प्रोव्हेन्झानोच्या, ऑगस्टमध्ये कॅथेड्रलमध्ये. मग तरुण पोरं नव्याने जन्मल्याची खूण म्हणून तोंडात लहान बाळाचं चोखणं घालून गावभर हिंडतात.

घोड्यांचा मुद्दा झटकून टाकता येणार नाही आणि मला तो झटकायचाही नाही. ‘दरवर्षी मरतात’ हे खोटं आहे. पण घोडे मेलेत. 20 ऑक्टोबर 2018 रोजी, पहिल्या महायुद्धाच्या समाप्तीला शंभर वर्षं झाली म्हणून एक खास पालिओ झाला, त्यात जिराफ पेठेचा राओल पडला, पाय मोडला आणि त्याला मरण द्यावं लागलं. त्याच शर्यतीत कासव पेठेचा रेमोरेक्स स्वार पडल्यावरही एकटाच धावत पहिला आला, कारण इथे स्वाराविना आलेला घोडाही जिंकतो. गावभर जल्लोष आणि एक मेलेला घोडा, दोन्ही एकाच संध्याकाळी. सान मार्तिनोचं वळण उतारावर आणि काटकोनात आहे, घोड्याच्या पाठीवर खोगीर नसतं, स्वाराच्या हातात नेर्बो नावाचा चाबूक असतो. धोका आहेच. त्यावर काम झालंय, तेही सांगायला हवं: वळणावर गाद्या लावतात, घोडे आधी पशुवैद्यांकडून तपासून घेतात, नाजूक हाडांचे शुद्ध थरोब्रेड आता घेत नाहीत, मिश्र रक्ताचे घेतात. एवढं पुरेसं आहे का? मला वाटतं नाही, आणि सिएनाने याचं उत्तर देत राहिलं पाहिजे. पण ‘शर्यत झाली की घोडा टाकून देतात’ हे त्या मजकुरातलं वाक्य चुकीचं आहे. घोडा पेठेकडे असतो त्या चार दिवसांत त्याच्याजवळ रात्रंदिवस माणूस असतो. त्या माणसाला बार्बारेस्को म्हणतात, तो तबेल्यातच झोपतो.

आता ‘सव्वा मिनिट’. घड्याळ लावलंत तर बरोबर आहे, तीन फेऱ्या जेमतेम एक किलोमीटर. पण हे म्हणजे आरती पाच मिनिटांची म्हणून गणपती पाच मिनिटांचा, असं म्हणण्यासारखं झालं.

सतरापैकी दहाच पेठा धावतात. सात पाळीने, तीन चिठ्ठीने. शर्यतीच्या तीन दिवस आधी सकाळी कोणाला कोणता घोडा हेही चिठ्ठीनेच ठरतं. चौक खचाखच भरलेला असतो. घोड्याचा क्रमांक निघतो, मग पेठेचं नाव, आणि एका कोपऱ्यातून आरोळी फुटते किंवा शेजारची माणसं मान खाली घालतात, एवढ्यावरून कळतं की घोडा चांगला की सुमार. पैसे टाकून चांगला घोडा घेता येत नाही. लगेच त्याला गात गात आपल्या पेठेत नेतात. मग सहा सरावफेऱ्या. आदल्या रात्री पेठेच्या रस्त्यातच लांबलचक टेबलं मांडून शेकडो माणसं एकत्र जेवतात, वाढपी पेठेतलीच पोरं.

शर्यतीच्या दुपारी घोड्याला पेठेच्या देवळात नेतात. मी ते एकदाच पाहिलं, दारातून, टाचा उंच करून. खूर फरशीवर वाजत होते. कोणी बोलत नव्हतं, घोडा बुजेल म्हणून. पाद्र्याने स्वाराला आणि घोड्याला आशीर्वाद दिला आणि शेवटी मोठ्याने म्हणाला, जा आणि जिंकून ये. तोपर्यंत धरून ठेवलेला सगळा आवाज तेव्हा बाहेर आला. देवळात घोड्याने शेण टाकलं तर तो शुभशकुन मानतात. त्या दिवशी टाकलं नाही, आणि माझ्यापुढच्या म्हाताऱ्या बाईंचा चेहरा उतरलेला मी पाहिला.

संध्याकाळी नऊ घोडे दोन दोरांच्या मध्ये उभे राहतात, दहावा मागे. तो आत धावून आला की शर्यत सुटते. तो वैऱ्याचा घोडा वाकडा होईपर्यंत थांबतो, कधी कधी तासभर. मग तुमची सव्वा मिनिटं.

सगळ्यात जास्त काळ न जिंकलेल्या पेठेला ‘नोन्ना’ म्हणतात, आजी. सुरवंट पेठ 1955 मध्ये जिंकली, त्यानंतर थेट 1996 मध्ये. एकेचाळीस वर्षं. लांडगीण पेठेने 2016 मध्ये सत्तावीस वर्षांचं आजीपण संपवलं, आणि त्याच ऑगस्टमध्ये दुसऱ्यांदाही जिंकली. मग आजीचं नाव गेलं गरुड पेठेकडे. तिचा शेवटचा विजय 1992 चा, आणि 2024 च्या ऑगस्टपर्यंत तरी तिला चिंधी मिळाली नव्हती. तिथे दरवर्षी पेठेच्या कारंज्यावर लहान मुलांचा पेठेत नामकरणविधी होतो, गळ्यात पेठेचा रुमाल बांधतात. त्यातली कित्येक आता तिशीला आली. आपली पेठ जिंकताना त्यांनी एकदाही पाहिलेली नाही. वसंत आला की त्याच गल्लीत पुन्हा मुलं ढोल आणि निशाण फिरवण्याचा सराव करतात.