कष्ट गेले, ताट तेच राहिलं

आमच्या गावठाणात कुणाला शुगर निघाली की घरातलं जुनं माणूस हमखास म्हणतं, "आम्ही शुद्ध खायचो, म्हणून आम्हाला असलं काही होत नव्हतं." मग सगळा राग खतांवर, ब्रॉयलर कोंबडीवर आणि पाकिटातल्या मसाल्यावर निघतो. मला हे पटत नाही, निदान अर्धं तरी पटत नाही. ताटात जे बदललं त्यापेक्षा कितीतरी मोठा बदल ताटाबाहेर झाला आणि त्याबद्दल आपण बोलतच नाही. म्हणून आज लांबलचक लिहितेय. सवड काढून वाचा.

मी लॅब टेक्निशियन आहे. सकाळी उजाडल्यापासून नवी मुंबईतल्या घणसोली, कोपरखैरणे, महापे, रबाळे या पट्ट्यात घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने घेते. राखाडी टोपणाची नळी शुगरची, जांभळी तीन महिन्यांच्या सरासरीची, पिवळी कोलेस्टेरॉल आणि किडनीची. सकाळी गावठाणातल्या चिंचोळ्या गल्लीत असते आणि तासाभरात सिडकोने आखलेल्या नव्या वस्तीत, म्हणजे सेक्टरमधल्या एखाद्या टॉवरच्या लिफ्टमध्ये. दोन्हीकडचं बोलणं वेगळं, खाणं वेगळं, पैसाही वेगळा. रिपोर्ट मात्र सारखे यायला लागलेत.

आधी गावठाणाचं सांगते, कारण मी तिथलीच.

माझे आजोबा मिठागरावर होते. चिखलात उभं राहून बांध घालायचे, मीठ ओढून रास लावायची, भरलेल्या पाट्या डोक्यावर वाहायच्या. पावसाळा लागला की लावणी, मग कापणी, झोडणी, आणि मधल्या दिवसांत खाडीत जाळं. आजी चिंबोऱ्या आणि निवट्यांची पाटी डोक्यावर घेऊन चालत बाजाराला जायची. सकाळी तांदळाची भाकरी आणि रात्रीचं कालवण, दुपारी भात, रात्री भात, जोडीला सुकट नाहीतर सुका बोंबील. गडीमाणूस एका बैठकीला ताटभर भात खाऊन उठायचा आणि संध्याकाळपर्यंत तो कुठल्या कुठे जिरलेला असायचा. जुना काळ मला गोड करून सांगायचा नाही. बाळंतपणात बाया जायच्या, क्षयाने घरं ओस पडायची, विंचू-सापाला औषध नव्हतं. पण खाल्लेल्या भाताला शरीरात काम होतं, एवढं नक्की.

१९६० च्या दशकात ठाणे-बेलापूर पट्ट्यात एमआयडीसी आली. १९७० मध्ये सिडको, म्हणजे नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ, स्थापन झालं आणि नव्या शहरासाठी ९५ गावांच्या जमिनी घ्यायला सुरुवात झाली. त्या जमिनीचा लढा आपल्याला पाठ आहे, घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के विकसित भूखंड परत मिळण्याचं गणित लहान पोरंही सांगतात. त्या लढ्याचा मला अभिमान आहे. पण जमीन गेली तेव्हा तिच्यावरचं कामही गेलं आणि ते काम करणाऱ्या शरीरांचं पुढे काय झालं, हे कुणी मोजलं नाही. काकांची पिढी कंपनीत लागली, कुणी कंत्राटं घेतली, कुणी टँकर टाकला, कुणी खोल्या बांधून भाड्याने दिल्या. बायांच्या डोक्यावरची पाटी उतरली. चांगलंच झालं, मान मोडायची त्यांची. पण पाटीबरोबर चालणंही गेलं. दळण गेलं, पाणी भरणं गेलं. एका पिढीत!

ताट मात्र तेच. दोन वेळा भात, तांदळाची भाकरी, खारवलेली सुकी मासळी. त्यात बिर्याणी, बेकरीची खारी, थंडाच्या बाटल्या आणि रात्रीची दारूची बसणी यांची भर. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ सांगते. ते जेमतेम एक चमचा होतं आणि आपण त्याहून बरंच जास्त खातो. उन्हात घाम गाळणाऱ्याचं मीठ निदान घामावाटे तरी जायचं. एसी गाडीतून फिरणाऱ्याचं ब्लड प्रेशर वाढवतं.

आता यात विज्ञान काय आहे ते सांगते, कारण "चाला, चाला" असं नुसतं सांगून कुणी चालत नाही. जेवल्यावर रक्तात जी साखर येते तिचा सगळ्यात मोठा वाटा स्नायू उचलतात. स्नायू म्हणजे साखरेची कणगी. कामात ती उपसली गेली तर नवं धान्य मावतं, उपसलीच नाही तर पोती अंगणात पडून राहतात. ही अंगणात पडलेली साखर आम्हाला राखाडी नळीत दिसते. आकुंचन पावणारा स्नायू तर इन्सुलिनची, म्हणजे रक्तातली साखर पेशींत पोचवणाऱ्या हार्मोनची, वाट न बघताही साखर आत ओढतो. म्हणून जेवणानंतरच्या दहा-पंधरा मिनिटांच्या चालण्याने शुगर खरोखर खाली येते, त्यात चमत्कार काही नाही.

लंडनच्या बसवाल्यांचा एक अभ्यास १९५३ मध्ये प्रसिद्ध झाला होता. जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरने ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना केली. बस एकच, पण ड्रायव्हर दिवसभर बसून आणि कंडक्टर दिवसभर डबलडेकरचे जिने चढून-उतरून. हृदयविकार कंडक्टरांमध्ये कमी निघाला. आमच्याकडे एका घरातल्या दोन पिढ्यांत तेच घडलंय. आजोबा कंडक्टर होते म्हणा, नातू ड्रायव्हर झाला.

त्यात आपली शरीरंही साहेबांच्या शरीरासारखी नाहीत. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात एक फोटो छापला, त्यांचा स्वतःचा आणि त्यांचे इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांचा. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, सारखाच, २२.३. चरबी मात्र युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिकांमध्ये २१.२ टक्के. म्हणजे वजनकाट्यावर दोघे सारखे, आतून वेगळे. "मी तर बारीक आहे, मला कशाला शुगर होईल" असं म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी हे सांगते. काटा सोडा, टेप घ्या. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या पुढे, बाईची ८० च्या पुढे गेली असेल तर हातपाय कितीही काटकुळे असोत, तपासणी करून घ्या.

आता सेक्टरकडे येते. ऐरोली आणि महापेच्या आयटी पार्कांत रात्रपाळी करणारी मुलं-मुली घणसोली-रबाळेत भाड्याने राहतात. अशाच एका तिशीच्या आतल्या मुलाचा नमुना मी घेतला होता, कंपनीच्या वार्षिक तपासणीसाठी. रक्त मशीनमध्ये फिरवलं की लाल पेशी खाली बसतात आणि वर सिरम उरतं, पिवळसर आणि पारदर्शक. याचं सिरम दुधासारखं पांढरं होतं. ट्रायग्लिसराइड अतोनात वाढलं की असं दिसतं. मी ती नळी उजेडात धरून बघत राहिले. रक्तात इतकी चरबी घेऊन हा मुलगा रोज अमेरिकेतल्या गिऱ्हाइकांशी गोड आवाजात बोलतो, पहाटे अ‍ॅपवरून काहीतरी मागवून खातो आणि पडदे ओढून झोपतो. त्याला काही म्हणजे काही त्रास नव्हता. या आजारांची खरी भीती हीच आहे. दुखत नाही.

रात्रीच्या खाण्याबद्दल लोकांना वाटतं ही जुन्या बायकांची कटकट. तसं नाही. अंधार पडला की शरीरात मेलाटोनिन हे झोपेचं हार्मोन वाढतं आणि त्या वेळी इन्सुलिन कमी सुटतं. मग तोच भात रात्री अकराला खाल्ला की साखर जास्त चढते आणि उशिरा उतरते. झोपेचंही तसंच. १९९९ मध्ये शिकागोला ११ धडधाकट तरुणांना सहा रात्री फक्त चार-चार तास झोपू दिलं, आणि तेवढ्यात त्यांची साखर हाताळायची ताकद घटली. सहा रात्रींत! इथे लोक वर्षानुवर्षं शेवटच्या लोकलने येतात, साडेदहा-अकराला जेवतात, मोबाईल बघत एक वाजवतात आणि सकाळची गाडी पकडायला साडेपाचला उठतात. अशा माणसाला "तुझ्यात शिस्त नाही" म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. त्याचा दिवस त्याने एकट्याने ठरवलेला नाही. जे शहर घर आणि काम जवळजवळ असावं या विचाराने आखलं गेलं, तिथून माणसं रोज ठाण्याला, अंधेरीला, चर्चगेटला जातायत.

देशाचे आकडे सांगायचे तर आयसीएमआर या वैद्यकीय संशोधनाच्या सरकारी संस्थेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आणि १३.६ कोटी लोक उंबरठ्यावर निघाले. मोठ्या माणसांत शंभरातल्या पस्तिसांहून जास्त लोकांना ब्लड प्रेशर. माझं लक्ष त्या १३.६ कोटींवर आहे. तीन महिन्यांच्या सरासरीची शुगर (रिपोर्टवर एचबीए१सी) ५.७ ते ६.४ टक्क्यांच्या मधे असली की माणूस या उंबरठ्यावर असतो आणि इथून परत फिरता येतं. अमेरिकेत २००२ मध्ये एक मोठा प्रयोग प्रसिद्ध झाला. वजन थोडं उतरवणं आणि आठवड्याला १५० मिनिटं चालणं, एवढ्यावर मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. मेटफॉर्मिनच्या गोळीने घटलं ३१ टक्क्यांनी. पण आपल्याकडे ६.१ चा रिपोर्ट हातात पडला की माणूस म्हणतो, "बॉर्डरवरच आहे, काही नाही." आणि कागद कपाटात जातो.

सगळ्यात जास्त चीड येते ती बायकांच्या बाबतीत. नवऱ्याचे, सासऱ्याचे नमुने द्यायला मला घरी बोलावतात. घरातली बाई मला पाणी देते, चहा विचारते. मी म्हणते, "काकी, तुम्ही कधी तपासलंत?" उत्तर ठरलेलं, "मना काय झालंय?" सगळ्यांना वाढून उरलेला भात संपवणारी तीच, दिवसभर घराबाहेर न पडणारी तीच, आणि घरातल्यांना शेवटी आठवते तीही तीच. एका काकींच्या पायाचा अंगठा मला दिसला म्हणून कळलं. चपलेचा खिळा आत घुसून जखम चिघळली होती आणि त्यांना वेदनाच नव्हती. साखरेने पायाच्या नसा बधिर केल्या होत्या. ग्लुकोमीटरवर तीनशेच्या पुढचा आकडा आला. पुढे उपचार झाले, अंगठा वाचला. पण किती वर्षं ती साखर अंगात मुरत होती, कुणाला ठाऊक.

गावकीतल्या मोठ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. हळदीला आपण हजारोंची पंगत उठवतो, डीजेला लाखाच्या घरात पैसे देतो. त्याच मंडपात सकाळी दोन तास बीपी आणि शुगर तपासायचं टेबल लावा, मी आणि माझ्या मैत्रिणी पैसे न घेता बसू. जेवणात मासळी-मटण खुशाल ठेवा, ते आपलं आहे, त्यावर माझा रागही नाही. भात अर्धा करा, कोशिंबीर दुप्पट करा, थंडाच्या बाटल्या बंद करा. तीनशे मिलिलिटरच्या एका बाटलीत साधारण ३० ग्रॅम साखर असते आणि लहान पोरं दोन-दोन पितात.

महापालिकेकडेही मागणं आहे. सेक्टरमध्ये फुटपाथ आहेत, पण गाड्यांनी भरलेले. गावठाणात तर फुटपाथच नाहीत, बाईला चालायचं तर बाइकच्या मधून. खाडीकाठी, तळ्याकाठी जिथे जागा आहे तिथे संध्याकाळी दिवे लागतील आणि बाया निर्धास्त चालू शकतील एवढं करा. चाफ्याच्या कुंड्या आणि सेल्फी पॉइंट नंतर बघू. आणि आयटी पार्कवाल्यांनो, रात्रपाळीच्या कँटीनमध्ये पहाटे तीनला वडापाव आणि नूडल्सशिवाय दुसरं काही मिळेल एवढी तरी तजवीज करा. वर्षातून एकदा तपासणी करून रिपोर्ट ईमेलने पाठवलात की तुमचं काम संपत नाही.

ज्यांना गोळी सुरू झालीय त्यांनी ही पोस्ट वाचून गोळी बंद करू नका. कारल्याच्या रसाचे, दालचिनीचे मेसेज फिरतात, त्यांच्या भरवशावर इन्सुलिन सोडलेली माणसं मी आयसीयूच्या बाहेर पाहिलीत. चालणं, कमी भात आणि वेळेवर झोप हे गोळीच्या जोडीला. गोळी कमी करायची का, ते डॉक्टर ठरवतील.

तिशी ओलांडलेल्यांची बीपी-शुगर तपासणी महापालिकेच्या नागरी आरोग्य केंद्रात मोफत होते. उपाशीपोटीच्या नमुन्याआधी आठ ते दहा तास काही खाऊ नका, साधं पाणी चालतं, चहा चालत नाही. घरातल्या बाईला बरोबर घेऊन जा. रिपोर्टमधलं काही कळलं नाही तर मला मेसेज करा. संध्याकाळी सातनंतर मी मोकळी असते.