बलाढ्य संघ, ठाण्यापर्यंत

जगातला सगळ्यात बलाढ्य क्रिकेट संघ कोणता, असं मला कुणी विचारलं की मी आधी विचारतो, तुम्ही बसलाय की उभे? बदलापूरहून सुटणाऱ्या आमच्या सकाळच्या फास्ट लोकलमध्ये या प्रश्नाचा क्रिकेटशी संबंध थोडा आणि बुड टेकण्याशी फार. बदलापूर-अंबरनाथवाले बसून येतात. डोंबिवलीकर आत घुसतो तो उभा राहायलाच. रीत अशी की बसलेल्याने ठाण्याला उठायचं आणि उभ्यातल्या कुणाला तरी जागा द्यायची. कुणाला, हे बसलेला ठरवतो. आणि तो ते तुमच्या क्रिकेटविषयक विचारांवरून ठरवतो.

खिडकीत बसतात विंडीजकाका, म्हणजे वेस्ट इंडीजचे भक्त. खरं नाव डब्यात कुणाला ठाऊक नाही, पोस्टमनला असेल. त्यांचा मुद्दा एकच आणि तो रोज नवा असतो. "मार्शल, होल्डिंग, गार्नर, सगळे फास्ट बॉलर! एकाला कसंबसं खेळून काढावं तर दुसरा ताजा होऊन उभा. 1980 ते 1995 एक कसोटी मालिका हरले नाहीत. पंधरा वर्षं! सांग, दुसरा कोण?" काका नोकरीला लागले 1984 साली, आणि त्याच वर्षी विंडीजने इंग्लंडला त्यांच्याच घरात 5-0 धुतलं. माझा असा संशय आहे की माणसाचा पहिला पगार आणि त्याचा बलाढ्य संघ हे एकाच वर्षी हातात पडतात. त्या वर्षी गुडघे वाजत नसतात, त्यामुळे सगळेच संघ चपळ दिसतात.

काकांपुढे "83" हा आकडा काढायचा नाही. एका नवख्या पोराने काढला होता. वर्ल्ड कप फायनलला लॉर्ड्सवर आपण 183 केल्या, विंडीज 140त आटोपले, एवढंच तो म्हणाला, तेही हसत. पोरगा पुढे बरेच महिने सीएसएमटीपर्यंत उभ्याने गेला. शेवटी त्याने डबा बदलला.

याउलट जानेवारी 2024 मध्ये शामार जोसेफने दुखऱ्या अंगठ्यानिशी ब्रिस्बेनला 7 बळी घेतले आणि ऑस्ट्रेलिया 8 धावांनी हरली, तेव्हा काकांनी पेढे आणले होते. जुलै 2025 मध्ये किंग्स्टनला तोच विंडीज 27 धावांत गारद झाला. त्या दिवशी डबाभर फक्त पावसावर बोलणं झालं. कुणीतरी भाबडेपणाने म्हणालं, "यंदा गणपती 27 ला ना?" तर चार जणांनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्या बिचाऱ्याला विसर्जनच आठवलं असेल.

समोरच्या बाकावर कांगारू, म्हणजे ऑस्ट्रेलियावाला. हा बँकेत आहे आणि त्याचं सगळं आकड्यांत. "लागोपाठ 16 कसोट्या जिंकल्या, एकदा नाही, दोनदा. वर्ल्ड कप सहा." मग 2003 ची फायनल. 359 ला 2, पाँटिंग नाबाद 140, हे तो अशा सुरात सांगतो जणू स्वतःच्या जावयाचं पॅकेज सांगतोय. अरे, समोर आपण होतो! त्या रात्री आमच्या चाळीत कुणी जेवलं नव्हतं. पण कांगारूला ते सांगून उपयोग नाही. "कोलकाता 2001? लक्ष्मण 281?" असं काकांनी टोचलं की तो शांतपणे म्हणतो, "बघा, ऑस्ट्रेलियाला हरवलेली एक कसोटी तुम्हाला अजून पाठ आहे. यातच आलं सगळं." यावर उत्तर नाही. निदान ठाण्यापर्यंत तरी नाही.

माझी गोची अशी की हे दोघेही ठाण्याला उठतात आणि मी बरोबर मधे उभा असतो. डाव्या बाजूला मान डोलावली की उजवी जागा गेली. म्हणून मी एक वाक्य तयार ठेवलंय: "काका, तो काळच वेगळा होता हो!" हे दोन्ही बाकांना आपापलं वाटतं. एवढं मुरलेलं वाक्य मी ऑफिसातही कधी वापरलेलं नाही.

तिघांच्या बाकावरच्या चौथ्या सीटवर दादरला उतरणारे आजोबा. त्यांच्या मते 1971 नंतर चर्चाच संपायला हवी होती. वाडेकरच्या संघाने त्या एकाच वर्षी वेस्ट इंडीजला वेस्ट इंडीजमध्ये आणि इंग्लंडला इंग्लंडमध्ये हरवलं, गावसकरने पदार्पणाच्या मालिकेत 774 धावा केल्या, बस. पण त्यांचा खरा उमेदवार वेगळाच आहे. "देशाचं काय घेऊन बसलायस? मुंबई! लागोपाठ पंधरा वर्षं रणजी. दाखव असा संघ." आजोबा, प्रश्न राष्ट्रीय संघाचा आहे, असं कुणी म्हटलं की ते त्याच्याकडे परप्रांतीय असल्यासारखं बघतात. आजोबांचं म्हणणं मला मनातून पटतं, पण मी ते कधीच बोलून दाखवत नाही. ते उतरतात दादरला, आणि चौथ्या सीटवर जागा मिळून मिळून ती किती? एक मांडी आत, दुसरी वाटेत.

मुळात बलाढ्य म्हणजे काय, यावरच एकमत नाही. कसोटीत की वनडेत? घरी की परदेशात? 2023 च्या वर्ल्ड कपात आपण ओळीने दहा सामने जिंकलो आणि अहमदाबादला अकरावा हरलो. मग बलाढ्य कोण? त्याच वर्षी फेब्रुवारीत तर खुद्द आयसीसीच्या, म्हणजे जागतिक क्रिकेट संघटनेच्या, संकेतस्थळाने आपल्याला कसोटीत पहिल्या क्रमांकावर दाखवलं आणि काही तासांनी, चूक झाली म्हणून, खाली उतरवलं. जिथे आयसीसीचं ठाम मत नाही तिथे डोंबिवलीकराने का ठेवावं?

तरी मला मत आहे. ऑस्ट्रेलियाचा महिला संघ. वनडेचे सात विश्वचषक, टी-ट्वेंटीचे सहा. लॉइडच्या विंडीजने आणि पाँटिंगच्या ऑस्ट्रेलियाने मिळूनही एवढे चषक पाहिलेले नाहीत. म्हणून तर 30 ऑक्टोबर 2025 ला नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये आपल्या जेमिमा रॉड्रिग्जने नाबाद 127 करून त्यांच्या 338 चा पाठलाग संपवला, तेव्हा मी घरात खुर्चीवर चढलो होतो. हे मी एकदा डब्यात मांडायला गेलो. कांगारू म्हणाला, "म्हणजे ऑस्ट्रेलियाच!" काका म्हणाले, "म्हणजे फितूर झालास!" मी घाईघाईने म्हणालो, "काका, तो काळच वेगळा होता हो." ऑक्टोबर जाऊन महिनासुद्धा झाला नव्हता.

परवा मात्र दारात लटकणाऱ्या एका कॉलेजच्या पोराने कानातलं काढलं. "काका, सोपं आहे. 2024 मध्ये आपल्याला आपल्या घरी 3-0 कुणी हरवलं?"

"न्यूझीलंडने," सगळा डबा कण्हला.

"त्याच न्यूझीलंडला दीड महिन्यात त्यांच्या घरी 2-1 हरवलं इंग्लंडने. त्या इंग्लंडला ऑक्टोबरात 2-1 हरवून पाठवलेलं पाकिस्तानने. आणि पाकिस्तानला त्याच जूनमध्ये डॅलसला, सुपर ओव्हरमध्ये..."

"अमेरिकेने," कुणीतरी पुटपुटलं.

"झालं तर मग. अमेरिका."

कांगारू खवळला. कसोटी आणि टी-ट्वेंटी एकत्र कसे करतोस, हा हिशोब कुठल्या बँकेत चालतो, वगैरे. पण आजोबा सावध झाले होते.

"ती सुपर ओव्हर टाकली कुणी रे?"

"सौरभ नेत्रावळकर."

"कुठला?"

"मुंबईचा. आपल्याकडून रणजी खेळलाय की."

"मग मी इतकी वर्षं दुसरं काय सांगतोय?" म्हणत आजोबा इतक्या समाधानाने मागे टेकले, की चौथ्या सीटवर मागे टेकायला काही नसतं हे विसरले. दोघांनी त्यांना सावरलं.

विंडीजकाका काही क्षण गप्प बसले. विंडीज हरला असता तर ते चिडले असते, पण गणितात हरायची त्यांना सवय नव्हती. मग त्यांनी डोकं वर काढलं. "मुंबईचा म्हणजे? सेंट्रलचा की वेस्टर्नचा?"

त्यानंतर जे झालं ते शब्दांत सांगणं अवघड आहे. वेस्टर्न रेल्वेचं नाव निघताच विंडीज, ऑस्ट्रेलिया, 1971 आणि अमेरिका एका बाकावर आले. वेस्टर्नवाल्यांना काय कळणार क्रिकेट, त्यांच्या गाड्या वेळेवर येतात! झुंजायची सवय कशी लागणार? पावसात रूळ बुडाल्यावर चालत घरी गेलेला फलंदाजच चौथ्या डावात टिकतो. कांगारूने यावर आकडेसुद्धा मागितले नाहीत. या गदारोळात ठाणं आलं आणि कुणीही न उठता गेलं. मी हँडल धरून रडकुंडीला आलो होतो. मुलुंड मागे पडल्यावर काकांच्या लक्षात आलं. ते अर्धवट उठले, तसेच थांबले आणि माझ्याकडे रोखून बघत म्हणाले, "तू बोल. सेंट्रल ना?"

"शंभर टक्के," म्हणालो आणि बसलो.